तुम्ही विचारलंत म्हणून: नाही हो, तेल नाही

“ताई, तेल कोणतं लावता?” हे मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारलंय, ऑफिसात डबा खाताना विचारलंय, आणि एकदा तर नाशिकच्या कॉलेज रोडच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरून विचारलंय. विचारणाऱ्या बहुतेकींनी मला दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं असतं. तेव्हा माझा भांग बोटभर रुंद झाला होता आणि वेणीचं उंदराचं शेपूट. आता केस भरलेत, म्हणजे मधे काहीतरी जालीम तेल सापडलं असणार, असा त्यांचा हिशोब.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

माझं वजन 118 किलो होतं. जूनच्या शेवटी वजन उतरवायचं, स्लीव्हचं ऑपरेशन झालं. यात जठराचा पाऊण भाग काढून टाकतात. उरतं ते केळ्याएवढं. नवरात्रापर्यंत 22 किलो उतरले होते. कालिकेच्या यात्रेला मी जुना ब्लाउज दोन्हीकडून टाचून घालून गेले, जत्रेत भेटेल तो “ओळखलंच नाही” म्हणत होता, आणि मी हवेत होते. त्याच आठवड्यात न्हाताना पाणी तुंबलं. जाळी उचलली तर खाली केसांचा लिंबाएवढा गोळा. पुढे तो रोजचाच झाला. कणकेत केस, उशीवर केस, हेल्मेटच्या आतल्या फोमला चिकटलेले केस. दिवाळीत अभ्यंगस्नानाला आईने डोक्याला हात लावला आणि हात तसाच धरून बसली, कारण बोटांत माझी बट आली होती. बोलली काही नाही. मुकाट्याने पदराला हात पुसला.

माझ्या सर्जननी हे ऑपरेशनआधी सांगितलं होतं म्हणे. सांगितलंही असेल. तेव्हा मी फक्त किलो ऐकत होते.

यातली गंमत (मला तेव्हा गंमत वाटली नव्हती) अशी की, आज गळणाऱ्या केसाचा निकाल तीन महिन्यांपूर्वीच लागलेला असतो. डोक्यावरचे दहातले नऊ केस एरवी वाढत असतात, एखादा विश्रांती घेत असतो. भूल, ऑपरेशन, एकदम तुटलेलं खाणं असा दणका बसला की शरीर आधी हृदय-मेंदूचं बघतं, आणि वाढणारे पुष्कळ केस एकदम रजेवर पाठवतं. ते लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिने जागेवर बसून राहतात आणि मग एकगठ्ठा सुटतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर बायकांचे केस जातात, तोच हा प्रकार. मूळ मात्र जिवंत असतं.

हे मला पटलं रामकुंडावर. काकांच्या दशक्रियेला गेलो होतो, चुलतभावाने मुंडण केलं. पंधरा दिवसांनी तो घरी आला तर डोक्यावर काळी मखमल. त्याचे केस वस्तऱ्याने गेले, माझे आतून सुटले, पण मूळ दोघांचंही शाबूत. फरक इतकाच की त्याच्या टकलाला लोक नमस्कार करत होते आणि माझ्या भांगाकडे बघून हळहळत होते.

तेवढ्यात मी चुका भरपूर केल्या. एका पार्लरने बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि दहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारलं. गोळ्या जबर डोसच्या. मग थायरॉइडची तपासणी केली तर रिपोर्ट असा की थायरॉइड उधळलाय! डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न: “बायोटिन घेता का?” ते रक्ताच्या काही चाचण्यांनाच चकवतं. चार दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं, थायरॉइड ठणठणीत. पॅकेजचे पैसे मात्र गेले ते गेले.

खरा घोळ निघाला फेरिटिनमध्ये, म्हणजे लोहाच्या साठ्यात. हिमोग्लोबिन ठीक, साठा तळाला. कारण मी लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि सकाळचा चहा, तिन्ही एकाच बैठकीत उरकत होते. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाला शरीरात शिरू देत नाहीत. आता कॅल्शियम दोन तास लांब, आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहाचा कप दिसताही कामा नये.

आणि प्रोटीन. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला किमान 60 ग्रॅम सांगितलं होतं. मी काय खात होते? भाताची पेज, सार, शहाळ्याचं पाणी. उतरायला सोपं म्हणून. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं आणि मला अख्खं अंडं संपवायला वीस मिनिटं लागायची, मग करा हिशोब. शेवटी प्रोटीन पावडर ताकासारखी घोट घोट घेतली, आणि ताटात पहिला मान अंडं, पनीर, उसळीला. मिसळ खायला गेलो तर मी नुसती मटकी वेचून खायची. पाव नाही, तर्री नाही. नाशिकचा माणूस हे बघून जे तोंड करतो ते केसगळतीपेक्षा सहन व्हायला अवघड.

मधल्या काळात केस खांद्याच्या वर कापले, ओले असताना विंचरणं सोडलं. एवढंच. गळती चार-पाच महिन्यांनी आपोआप थंडावली. गुढीपाडव्याला आरशात कपाळावर इंचभर केस शेवयांसारखे उभे दिसले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे ते खांद्याला टेकायला दोन वर्षं लागली.

तुमची गळती ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावर सुरू झाली असेल, सहा-आठ महिने थांबतच नसेल, किंवा गोल गोल चट्टे पडत असतील, तर माझं ऐकत बसू नका. रक्त तपासा, डॉक्टरांकडे जा.

हे सगळं मी आधी विचारेल तिला सांगायचे. लोक फेरिटिनपर्यंत ऐकतात, मग डोळे इकडेतिकडे जातात. परवा आमच्या भाजीवाल्या मावशींनी मेथी निवडता निवडता विचारलं, “बाई, तेल कोणतं?”

“खोबरेल, मावशी.”

“तरीच!” म्हणाल्या, आणि मेथीत कोथिंबिरीची काडी टाकली.