मॉरोविंड: वाट विचारत केलेला प्रवास

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. पारा ४५ अंशांच्या आसपास, रस्ते ओस, घरात कूलरची घरघर. यंदाच्या या दुपारी मी व्हार्डनफेल बेटावर काढल्या. ज्यांना मागून यायचं आहे त्यांच्यासाठी वाटेतल्या खुणा, सोयी आणि अडचणी लिहून ठेवतोय.

व्हार्डनफेल हे 'द एल्डर स्क्रोल्स ३: मॉरोविंड' या गेममधलं बेट. गेम बेथेस्डाचा, २००२ सालचा. याच मालिकेतले पुढचे ऑब्लिव्हियन (२००६) आणि स्कायरिम (२०११) पुष्कळांनी खेळलेत, आणि ते दिसायला नक्कीच देखणे आहेत. पण या तिघांत खरा प्रवास घडतो तो मॉरोविंडमध्ये, असं माझं ठाम मत आहे. कारण एकच. इथे 'इकडे जा' म्हणून दाखवणारा बाण नाही. कुठे जायचं ते माणसांना विचारावं लागतं, नीट ऐकावं लागतं आणि मग डोळे उघडे ठेवून चालावं लागतं.

सुरुवात कैद्यांच्या जहाजातून होते. सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या बंदरावर उतरवतात, नाव-गाव-धंदा विचारून कागद तयार करतात, थोडी नाणी देतात आणि एक पाकीट हातात ठेवतात: बालमोरा शहरात कायस कोसाडेस नावाच्या माणसाला नेऊन दे. बस्स. पुढचं तुमचं तुम्ही. घाई अजिबात करू नका, गावातल्या सगळ्यांशी बोला. गावाबाहेरच्या वाटेवर एक जादूगार आकाशातून किंचाळत खाली कोसळेल. त्याच्याजवळ उंच उडी मारायचे मंत्रलेख असतात. ते घ्या, पण वापरण्याआधी गेम सेव्ह करा. उडी अफाट जाते आणि मंत्राचा असर अवघा ७ सेकंदांचा, म्हणजे उतरताना तो संपलेला असतो. जमिनीवर टेकायच्या आत दुसरा मंत्रलेख वाचला तरच जीव वाचतो.

बालमोऱ्यात कायसचं घर शोधायचं तर साउथ वॉल नावाच्या गुत्त्यात विचारा. तो तुम्हाला आधी चार पैसे देईल आणि अनुभव घेऊन ये म्हणेल. त्याचं ऐका. पुढच्या कामासाठी तो फायटर्स गिल्डमधल्या (लढवय्यांच्या संघटनेतल्या) हस्फात अँटाबोलिसकडे पाठवतो, आणि हस्फात बदल्यात आर्कंगथँड नावाच्या अवशेषांतून एक पेटी आणायला सांगतो. या गेमचा जीव कशात आहे ते इथे कळतं. हस्फात म्हणतो ते साधारण असं: शहराच्या दक्षिणेकडून बाहेर पड, नदीवरचा पूल ओलांड, पाट्या दिसल्या की ईशान्येला वळ, मूनमॉथचा किल्ला मागे टाकून चढ चढ, फोयाडावरचा जुना पूल लागेल, पलीकडे अवशेष आहेत. फोयाडा म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याने कोरून काढलेली खोल घळ. आपल्याकडे सीताबर्डीत पत्ता विचारला की सांगणारा हात लांब करून सांगतो, "सरळ जाजा, व्हेरायटी चौक लागंल, तिथून वळजा, मंग कोणालेही विचारजा." हुबेहूब तसंच आहे हे. सांगणाऱ्याचा रस्ता पायाखालचा असतो आणि ऐकणाऱ्याला तो मनात मांडावा लागतो.

सुट्टीला आलेला भाचा शेजारी बसला होता. स्कायरिम खेळलेला पोरगा. "मामा, बाण कुठाय? समजते कसं कुठं जायचं ते?" मी त्याच्या हातात वही दिली आणि हस्फातचं बोलणं उतरवायला सांगितलं. पाट्या आल्या, किल्ला आला आणि मग राखाडी धुरकटात दगडी पुलाची कमान दिसायला लागली. तो खुर्चीतून उठलाच: "मामा, पूल! तो बघ पूल!" बाणाच्या मागे चालून हा आनंद मिळत नाही. त्या पुलावरून पुढे कितीतरी वेळा गेलो, आणि दर वेळी मला कळत होतं की मी कुठे आहे.

अवशेषांचं दार मात्र ढकलून उघडत नाही. जवळच्या पाइपावर एक फिरवायचा दांडा आहे तो फिरवा, गोल दार सरकतं. आतली पेटी म्हणजे मुठीत मावेल असा ठोकळा, फळीवर ठेवलेला. मोठी तिजोरी शोधत फिरलात तर डोळ्यांसमोरून निसटेल.

आता लढाईबद्दल, कारण नव्या माणसांनी हा गेम सोडून दिला तर तो बहुधा इथेच. तलवार समोरच्याला लागलेली दिसते, पण वार बसत नाही. आत फाशांचा हिशोब चालू असतो: त्या हत्याराचं कौशल्य, चपळता, नशीब आणि दम. पडद्यावरची हिरवी पट्टी म्हणजे दम, आणि धावलं की ती उतरते. धावत जाऊन लढाई सुरू केली तर निम्मे वार हवेतच जाणार. म्हणून शत्रू दिसला की आधी थांबा, दम भरू द्या. सुरुवातीलाच एक हत्यार ठरवा, त्याचं कौशल्य मुख्य कौशल्यांत ठेवा आणि मिळालेले पैसे गिल्डमध्ये शिकण्यावर खर्च करा. लांब तलवार हवी असेल तर रेडगार्ड वंशाचा माणूस घ्यावा. काही तासांत चित्र पालटतं, आणि ती वाढ तुम्ही कमावलेली असते.

प्रवासाच्या सोयी उत्तम आहेत, फक्त त्या त्या जगातल्या आहेत. सिल्ट स्ट्रायडर म्हणजे ताडासारख्या उंच पायांचा किडा. त्याचं कवच पोखरून बसायला जागा केलेली, आणि हाकणारा त्याच्या उघड्या मज्जातंतूंना हात लावून त्याला चालवतो. सेडा नीन, बालमोरा, व्हिवेक, सुरान अशा गावांना तो जोडतो. किनाऱ्यावर होड्या आहेत. मेजेस गिल्डच्या, म्हणजे जादूगारांच्या संघटनेच्या, पाच शाखांमध्ये क्षणात ये-जा करता येते. अल्मसिव्ही आणि डिव्हाइन इंटरव्हेन्शन हे दोन मंत्रलेख कायम जवळ बाळगा: पहिला जवळच्या मंदिरात आणून टाकतो, दुसरा साम्राज्याच्या देवळात. मार्क (उभ्या जागेवर खूण करणारा) आणि रिकॉल (त्या खुणेपाशी परत आणणारा) हे मंत्र शिकलात की परतीची चिंता मिटली. कुठला किडा, कुठली होडी आणि कुठला मंत्र जोडून कुठे पोचता येईल, याचा विचार करणं हासुद्धा खेळाचाच भाग आहे, आणि माझ्या लेखी मोठ्या गमतीचा.

पूर्वेला तेल्वानी जादूगारांचा मुलूख लागतो. ते प्रचंड मोठ्या अळंब्यांत राहतात आणि त्यांच्या मनोऱ्यांत वर जायला जिने नसतात. हवेत तरंगायचं औषध किंवा मंत्र जवळ असेल तरच भेट होते. लाल पर्वताकडे जाताना राखेची वादळं उठतात, दोन पावलांपलीकडचं दिसत नाही. क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी तर पाठ सोडत नाहीत. तिथे धनुष्य किंवा दुरून मारायचा मंत्र हवाच.

कथेबद्दल फार सांगत नाही, पण तिचं बळ सांगतो. नेरेव्हार नावाचा एक प्राचीन वीर कसा मेला यावर सारी कथा उभी आहे. मंदिर एक सांगतं, राखाड मुलखातल्या टोळ्या दुसरं सांगतात, आणि पुढे जो स्वतः त्या काळी हजर होता तो तिसरंच सांगतो. खरं कोणाचं, याचा निकाल गेम देत नाही. पुस्तकं वाचा, माणसांना विचारा आणि तुम्हीच ठरवा. वाट विचारायची जी सवय रस्त्यावर लागते तीच इथे इतिहासाला लावावी लागते. इतकी एकजीव रचना मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिली नाही.

कमी बाजूही आहेत. माणसं दिवसरात्र एकाच जागी उभी असतात, दुकानं कधी बंद होत नाहीत. संवाद जवळपास सगळे लिखित आणि इंग्रजीत आहेत. वाचनाचा कंटाळा असेल तर हा गेम घेऊ नका. मुलांसोबत खेळत असाल तर मोठ्याने वाचून मराठीत सांगा, आमच्याकडे ते छान जमलं.

तयारीचं बोलू. 'गेम ऑफ द इयर' आवृत्ती घ्या, त्यात ट्रायब्युनल आणि ब्लडमून हे दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेले भाग, येतात. गॉग आणि स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानांत मिळते. जागा साधारण १ जीबी लागते आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ऑफिसच्या जुन्या पीसीवरही चालते. त्यावर ओपनएमडब्ल्यू हे मोफत, मुक्तस्रोत इंजिन टाका. मूळ गेमच्या फाइली लागतातच, पण मोठ्या पडद्यावर चित्र नीट दिसतं आणि लिनक्सवरही चालतं. एफ५ दाबून सेव्ह, एफ९ दाबून परत. उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा प्रत्येक दारात शिरण्याआधी एफ५ दाबायची सवय लावा.

एक इशारा: ट्रायब्युनल टाकलेलं असेल तर सुरुवातीच्या लेव्हललाच झोपेत मारेकरी येतात. सेव्ह करूनच झोपा. मारेकऱ्याला हरवलंत तर त्याचं चिलखत चांगल्या किमतीला विकलं जातं, आणि काल्डेरा गावातला क्रीपर नावाचा छोटा राक्षस पूर्ण भाव देतो. मूळ कथा संपवून मगच ट्रायब्युनलमधल्या मोर्नहोल्ड शहरात जा, तिथली वाट एबनहार्टमध्ये विचारल्यावर कळते. ब्लडमूनमधलं बर्फाळ सोलस्टाईम बेट त्याच्याही नंतर. तिकडची होडी खूलच्या धक्क्यावरून सुटते.