ते त पाणी हाये

कोराडीला नागपूरचा कुठलाही फोटोग्राफर पाठवा, जगदंबेच्या देवळाचा कळस पुढे आणि औष्णिक वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर मागे, हीच फ्रेम घेऊन येईल. ती टाळायची हे माझं पक्कं होतं. अंक प्रदूषणावर होता. संपादकांची मागणी एवढीच, ‘कृष्णधवल पाहिजे, अंगावर आलं पाहिजे.’

जानेवारीतली सकाळ मुद्दाम निवडली. थंड हवेत टॉवरमधली वाफ दाट होऊन उभी राहते. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी त्याच टॉवरवर फारसं काही दिसत नाही. लाल फिल्टर लावला. तो तीनेक स्टॉप उजेड खातो, म्हणून ट्रायपॉड लागतोच. पण निळं आभाळ जवळजवळ काळं पडतं आणि वाफ पिंजलेल्या कापसासारखी पांढरी उठते. उजेड बाजूने येत होता, काँक्रीटचा ओघळ न् ओघळ दिसत होता. माझ्या मते दिवसाची फ्रेम तीच. मग पलीकडे जाऊन सूर्य वाफेच्या मागे घेतला, फिल्टर काढला, एक्स्पोजर कमी ठेवलं. तीच वाफ काळीकुट्ट.

टपरीवर पावर हाऊसमधला एक कंत्राटी कामगार चहा पीत बघत होता. म्हणाला, “धुराचा फोटो घेता का भाऊ? ते त पाणी हाये. धूर त्या उंच चिमणीतून जाते, अन् तो दिसत नाई.”

खरंच आहे. राख बरीचशी ईएसपीत, म्हणजे विजेच्या भाराने राख ओढून घेणाऱ्या यंत्रात, अडते आणि सल्फर डायऑक्साइडला रंगच नसतो. छातीत जाणारं फिल्मवर येत नाही, आणि जगभर प्रदूषणाचं चिन्ह म्हणून छापली जाते ती वाफ. जर्मनीतलं छायाचित्रकार जोडपं बर्न्ड आणि हिला बेशर ढगाळ उजेडात, समोरून, नाट्य टाळून असे टॉवर टिपत. मला ते रुक्ष वाटायचं. आता तितकं वाटत नाही.

छापून आली अर्थातच काळी वाफ. खाली ओळ, ‘धूर ओकणारे टॉवर’. फोन केला तर संपादक म्हणाले, “अहो, पांढरी वाफ दाखवून वाचकाला काय कळणार?” राखेच्या बंधाऱ्याजवळच्या झाडांच्या राख बसलेल्या पानांचे फोटोही दिले होते मी. कृष्णधवलमध्ये ती राख नुसती करडी दिसते, रस्त्यावरची धूळ म्हणूनही खपेल. त्यामुळे त्यांना पुरतं खोटंही पाडता येईना.

ऑनलाइन आवृत्तीत त्यांनी ‘धूर’ काढून ‘प्रदूषण’ घातलं. फोटो तोच ठेवला.