शुक्रवारचं जेवण

ऑक्टोबर लागला की इथे कनेटिकटमध्ये मेपल लालभडक होतात आणि ऑफिसात कुणी ना कुणी सांगतंच, ‘मी परत पहिल्या भागापासून बघायला घेतली.’ कोणती मालिका, ते विचारावं लागत नाही. ‘गिलमोर गर्ल्स’ ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली आणि सात सीझन, १५३ भाग होऊन २००७ मध्ये संपली. तरी माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला ती आपलीच वाटते.

लोरलाय सोळाव्या वर्षी आई होते. इथल्याच हार्टफर्ड शहरातलं श्रीमंत माहेर सोडून तान्ह्या रोरीला घेऊन स्टार्स हॉलो नावाच्या काल्पनिक गावात येते आणि एका छोट्या हॉटेलात खोल्या झाडायच्या कामाला लागते. पुढे ते हॉटेल तीच सांभाळते. रोरीला महागड्या शाळेत प्रवेश मिळतो, फी परवडत नाही, म्हणून लोरलाय आईवडिलांपुढे हात पसरते. एमिली आणि रिचर्ड पैसे देतात. एमिलीची अट: दर शुक्रवारी रात्री जेवायला यायचं.

मायलेकींच्या मैत्रिणींसारख्या गप्पा, तोंडाने ओरडत हाताने कॉफी ओतणारा ल्यूक, दर वेळी नव्याच नोकरीत दिसणारा कर्क, हे सगळं मलाही आवडतं. माझी लेक रोरीच्या मैत्रिणीपाशी, लेनपाशी रेंगाळते. लेनची कोरियन आई फार कडक, म्हणून ही पोरगी रॉकच्या सीडी फरशीच्या फळ्यांखाली लपवते. परक्या देशात मुलगी वाढवताना मला मात्र त्या आईची भीतीही कळते.

पण मालिका जिवंत राहिली ती एमिलीमुळे, असं माझं ठाम मत आहे. तिचं काम करणाऱ्या केली बिशपने तिला कुठेही खलनायिका होऊ दिलेलं नाही. ती टोचून बोलते, मोलकरणी टिकू देत नाही. पहिल्याच सीझनमध्ये रोरी तिला हॉटेलच्या बागेतली शेड दाखवायला नेते. लोरलाय बाळाला घेऊन तिथेच राहिली होती. रोरी आनंदाने सांगत असते आणि एमिलीचा चेहरा उतरत जातो. आपलं एवढं मोठं घर असताना मुलीला ही खोपटी बरी वाटली! पंचविशीत मी हा प्रसंग लोरलायच्या बाजूने पाहिला होता. आता माझ्याच्याने तो सलग बघवत नाही.

रिचर्डचं काम करणारे एडवर्ड हरमन २०१४ च्या अखेरीस गेले. २०१६ मध्ये चार नवे भाग आले, त्यात एमिली विधवा आहे. एवढी वर्षं साड्यांसारखे जपलेले कपडे, वस्तू ती काढून टाकायला बसते, ते बघताना माझी आजी डोळ्यांपुढे आली.

आमचाही शुक्रवार ठरलेला आहे. इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा साताऱ्यात शनिवारची सकाळ असते, आई चहा घेऊन फोनपाशी बसलेली असते. पूर्वी तिचे प्रश्न मला चौकशीसारखे वाटायचे. गुडघ्यांमुळे तिला इतका प्रवास झेपत नाही. हे घर तिने पाहिलेलंच नाही. गेल्या शुक्रवारी तिने विचारलं, ‘तुझ्या स्वयंपाकघरात ऊन कुठून येतं गं?’ मी फोन घेऊन ओट्यापाशी गेले, पूर्वेची खिडकी दाखवली. बाहेर मिट्ट काळोख होता. ती म्हणाली, ‘असू दे, कळलं मला. आता फडताळं दाखव.’