पावसाळ्यात आलेली लाट

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोल्हापुरात आमच्या धंद्याला सुट्टी लागते. अस्सल कोल्हापुरी चप्पल आणि पाणी यांचं जन्माचं वाकडं. तळ भिजला की फुगतो, आणि वास येतो तो वेगळाच. त्यामुळे जून ते ऑगस्ट मामा, म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावर पेपर वाचत बसतात आणि मी दुकानाच्या इन्स्टाग्रामवर जुनेच फोटो फिरवून फिरवून टाकते. खरं गिऱ्हाईक दसऱ्यापासून, मग लग्नसराईत.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या महागड्या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये पोरं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालली. नाव मात्र कोल्हापूरचं कुठेच नव्हतं. दोन दिवसांत माझ्या फोनवर दुसरं काही दिसेना. मामांना व्हिडिओ दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "त्या पोराची चाल बघ. नवी चप्पल हाय, चावत असंल."

त्याच दुपारी मी एक रील केलं. मामा तळाला तेल चोळतायत, बाहेर पाऊस, आणि वर अक्षरं: 'प्राडा कशाला, पायताण घ्या'. त्याआधी आमच्या रीलला चारशे लोकांनी पाहिलं तरी मी घरी सांगायचे. हे दोन लाखांवर गेलं. खाली कमेंटांची रांग, त्यातल्या निम्म्या नुसत्या 'पीपी'. मामांनी विचारलं, हे पीपी काय? म्हटलं, प्राइस प्लीज, म्हणजे भाव सांगा. "मग भाव काय ते सरळ विचारायला काय झालं?"

लोकांना हवा होता फक्त एक नमुना, फिक्या रंगातला, अंगठ्याचा, तोही बहुतेक बायकांच्या छत्तीस ते एकोणचाळीस नंबरात. दुकानात तसे जोड होते सतरा. मी तात्यांना फोन लावला. आमचे बरेचसे जोड त्यांच्या घरी होतात. तळाला म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. शिवण चामड्याच्या वादीची, खिळा नाही. पट्ट्यावरची वेणी त्यांच्या घरातल्या बायका घालतात. म्हटलं, तात्या, दोनशे जोड, पंधरा दिवसांत. पलीकडे बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग म्हणाले, "ऊन न्हाई, तळ वाळवू कुठं? तुझ्या मोबाईलवर?"

माझं म्हणणं सगळं या एका वाक्यात आहे. लाटेला घाई असते, कातड्याला नसते. मार्केटिंग शिकवणारे सांगतात, ट्रेंड आला की लगेच उडी मारा. ज्याच्याकडे फोमचा तळ आणि रेक्झिनचा पट्टा आहे त्याने मारली. महिनाभरात अडीचशे रुपयांच्या 'ओरिजनल कोल्हापुरी'च्या जाहिराती मलाच दिसायला लागल्या. माझ्याच रीलच्या खाली!

गिऱ्हाईक कसं बदललं, ते मी गल्ल्यावरून पाहिलंय. पूर्वी माणूस दुकानात आला की चप्पल दोन्ही हातांनी वाकवायचा, तळ अंगठ्याने दाबायचा, कुणी केलीय विचारायचा, आणि मग अर्धा तास घासाघीस. आता आधी स्क्रीनशॉट येतो. 'सेम टू सेम हवी.' कातडं कसलं हे कुणी विचारत नाही. 'व्हिडिओत करकर वाजते तशी वाजेल ना?' हे विचारतात. आम्ही वर्षानुवर्षं जोड पेपरात गुंडाळून दिला. आता खोकं लागतं, त्यावर नाव लागतं, कारण पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढायचा असतो. खोक्याचे पैसे चपलेत धरले तर महाग वाटते, न धरले तर आमच्या अंगावर.

एक चूक माझी स्वतःची. फोटोला मी फिल्टर लावला होता, रंग मधासारखा दिसावा म्हणून. पुण्याच्या एका मुलीने जोड परत पाठवला: 'फोटोत वेगळा रंग होता.' बरोबरच होतं तिचं. हे कातडं तेलाने आणि वापराने गडद होत जातं, दोन नग तंतोतंत एका रंगाचे निघत नाहीत. हे मी आधी सांगायला हवं होतं. त्या खेपेला माल घरी पोचल्यावर पैसे घ्यायचे अशी चाळीस पार्सलं पाठवली, अकरा परत आली. जाण्या-येण्याचं भाडं आमच्या डोक्यावर. तात्यांची दुसरी खेप तयार झाली तेव्हा गणपती तोंडावर आले होते, आणि 'पीपी'वाल्यांपैकी बहुतेकांचं उत्तर एकच: 'आता नको ताई.'

मधेच एक इन्फ्लुएन्सर बाई भेटली, मोठ्या शहरातली. तिला चार जोड फुकट आणि वर मानधन हवं होतं, पण 'जाहिरात' असं लिहायचं नव्हतं. सहज घेतल्यासारखं वाटलं पाहिजे म्हणे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या 'आस्की' संस्थेचा २०२१ पासून नियम आहे, पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. मी तेवढं बोलले. ती पुन्हा बोललीच नाही.

तरी लाटेला नुसत्या शिव्या घालणार नाही. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे ही वस्तू याच भागातली असं सांगणारं भौगोलिक मानांकन, मिळालं २०१९ मध्ये, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. सहा वर्षं एका गिऱ्हाइकाने त्याबद्दल विचारलं नव्हतं. त्या जुलैपासून रोज कुणीतरी विचारतं, 'जीआयवाली आहे ना?' प्राडाने त्या चपलांची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलांची असल्याचं मान्य केलं, आणि डिसेंबरात बातमी आली की दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर ते २,००० जोड भारतातच करून घेणार, जोडाला साधारण ८०० युरो. मामांनी हा आकडा रुपयांत करून मागितला. मग उठून शोकेसमधल्या चपलेवरची धूळ पुसली.

आता मी उलटं करते. मार्च-एप्रिलमध्ये, कडक उन्हात, तात्यांच्या अंगणात तळ वाळताना, वादी ओढताना, वेणी घालताना व्हिडिओ काढते. फिल्टर नाही. खाली लिहिते: 'सहा आठवडे थांबावं लागेल, रंग थोडा इकडेतिकडे होईल, निम्मे पैसे आधी.' लाख लोक पाहत नाहीत. पण पहिल्या खेपेला त्रेसष्ट जणांनी पैसे भरले आणि फक्त दोन जोड परत आले, तेही नंबर चुकला म्हणून.

परवा संध्याकाळी मामा गच्चीवर तळ पालटून ठेवत होते. मी खाली उतरत होते, तर मागून हाक आली, "पोरी, यंदा कधी हाय गं ते मिलानचं? त्याच्या आधी दोनशे वाळवून ठेवू."