टोकावर टोक

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पाच दिवसांपासून एक तारा चिकटवलेला आहे. पिवळ्या पतंगी कागदाचा, आठ टोकांचा. टोकांमधल्या आठ फटींपैकी सात अगदी सारख्या आहेत आणि शेवटची एक मोठी आहे. वसईतल्या एका शाळेतल्या पाचवीच्या मुलाने तो केलाय. तो चुकला असं मी त्याला भर वर्गात तीनदा सांगितलं.

मी शाळाशाळांतून ओरिगामी शिकवते. चौदा वर्षं झाली. वसईच्या ख्रिस्ती गावांमधून नाताळचे गोठे बांधायला सुरुवात झाली, दारोदारी तारे लागले की आमचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरात रोज एक शाळा, कधी दोन. प्रत्येक ठिकाणी मागणी एकच: सोपं काहीतरी घ्या, आणि प्रत्येक मुलाच्या हातात फोटोपुरतं तरी पूर्ण झालेलं काही असू द्या. ही दुसरी अट मला कायम टोचते. फोटोच्या आधी शिक्षिका बाकाबाकावरून फिरतात आणि मुलांचे वाकडे सांता सरळ करतात. मूल समोर बसून ते बघत असतं.

सोपं म्हणजे काय, ते वयावर ठरतं. पहिली-दुसरीला मी झाड देते. 15, 12 आणि 9 सेंटिमीटरचे तीन हिरवे चौरस, प्रत्येकाला एकच तिरकी घडी, आणि ते त्रिकोण एकावर एक सरकवून चिकटवायचे. तिसरी-चौथीला सांता. त्यासाठी लाल घोटीव कागद हवा, कारण त्याची पांढरी पाठ हीच सांताची दाढी आणि टोपीची किनार. घोटीव कागद मात्र एकदाच घडी मागतो. चुकलेली घडी उलगडली की लाल रंगावर पांढरी रेघ उमटते आणि ती जात नाही, म्हणून घाबरणाऱ्या मुलांना मी तो आधी देत नाही.

पाचवीला तारा. जर्मनीत डिसेंबरात बालवाड्यांच्या खिडक्यांना हे तारे लावतात. ‘किंडरगार्टन’ हे नाव 1840 साली ज्याने दिलं त्या फ्रोबेलने कागदाच्या घड्यांना मुलांच्या शिक्षणात मानाची जागा दिली होती. तिकडे या ताऱ्यासाठी लागणारा कागद मुद्दाम मागवावा लागत असेल, पण आपल्याकडे संक्रांत तोंडावर असते. पतंगी कागद डिसेंबरात कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. हा योग जुळल्याचा मला दरवर्षी आनंद होतो.

करायला तो खरोखर सोपा आहे. चौरसाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी घडी घालायची आणि उलगडायची. मग एका कोपऱ्याच्या दोन्ही कडा त्या मधल्या घडीवर आणून टेकवायच्या की पतंग तयार. असे आठ पतंग. टोकदार बाजू बाहेर ठेवायची, काटकोनाचा कोपरा मध्यभागी, आणि नव्या पतंगाची खालची कड आधीच्या पतंगाच्या मधल्या घडीवर नेमकी बसवून चिकटवत जायचं. काटकोनाचा अर्धा म्हणजे 45 अंश, आठ वेळा 45 म्हणजे 360. आठवा पतंग अर्धा पहिल्याच्या खाली जातो आणि वर्तुळ बंद होतं. काचेवर धरला की मध्याकडे कागदाचे थर वाढतात, तसतसा पिवळा केशरी होत जातो आणि मोठ्या ताऱ्याच्या पोटात लहान तारा दिसतो. तो दिसला की वर्गातून जो आवाज उठतो, त्यासाठी मी हा हंगाम करते.

पतंगी कागदाचे हट्ट वेगळे. पंखे बंद करावे लागतात, नाहीतर सगळा वर्ग कागदांमागे धावतो. वसईच्या दमट हवेत बोटं ओलसर असतात, कागद चोळामोळा होतो, म्हणून मी प्रत्येक बाकावर एक कोरडा रुमाल ठेवते. डिंक पातळ असेल तर कागद सुरकुततो, त्यामुळे ग्लू स्टिक, आणि तीही टिकलीएवढीच.

कागद मी एरवी स्वतः कापते. लोखंडी पट्टी, कटर आणि खाली जुना पुठ्ठा. या वर्षी बावन्न मुलं, प्रत्येकी आठ कागद, वर राखीव, असे पाचशे कागद हवे होते आणि आठवड्यात चार शाळा होत्या. एका छापखान्यातून मशिनवर कापून घेतले. पाच रंग, रंगाचे शंभर. मी त्यांना सांगितलं, ‘‘दहाचे चौकोन पाहिजेत.’’ आपण सगळेच बोलताना चौरसाला चौकोन म्हणतो. घरी आल्यावर लाल गठ्ठ्यातला एक कागद मोजला, दहा बाय दहा. बाकीच्या चार गठ्ठ्यांना कंपासपेटीतला गुण्या लावला. कोपरे काटकोनात होते, तेवढ्यावर मी समाधान मानलं. कोपरे काटकोनात असणं म्हणजे चौरस नव्हे, हे मी स्वतः मुलांना शिकवते.

त्या दिवशी सलग दोन तासिका मिळाल्या होत्या. सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, सभागृहाच्या पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन आत आलेलं, पंखे बंद. पिवळा गठ्ठा मागच्या दोन रांगांना गेला. तो मुलगा खिडकीजवळ बसला होता. इतर मुलं कागद मिळताच कामाला लागली. त्याने मात्र आठही कागद बाकावर उभे धरून चारही बाजूंनी ठोकले आणि गठ्ठा एकसारखा होईपर्यंत फिरवत राहिला. मी लांबूनच म्हटलं, ‘‘चल, सुरू कर, वेळ जातोय.’’

थोड्या वेळाने त्याने हात वर केला.

‘‘टीचर, टोकावर टोक ठेवलं की घडी कोपऱ्यातून जात नाही.’’

मी म्हटलं, ‘‘नीट बघून ठेव.’’

दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने दोन्ही करून ठेवलं होतं. एका कागदात टोकं जुळलेली आणि घडी कोपऱ्यापासून जराशी बाजूला. दुसऱ्यात घडी बरोबर कोपऱ्यातून आणि टोकं पुढेमागे. त्याने विचारलं, ‘‘यातलं कुठलं बरोबर?’’ प्रश्न इतका नेमका होता की मी तिथेच थांबायला हवं होतं. पण पुढच्या रांगेत एकीने डिंकाने दोन पतंग उलटे चिकटवले होते आणि रडायच्या बेतात होती. मी म्हटलं, ‘‘दोन्ही जुळलं पाहिजे. घाई करू नकोस.’’ आणि शेजारच्या रांगेतल्या लाल ताऱ्याकडे बोट दाखवलं, ‘‘हिचा बघ, कसा जुळला.’’

तिसऱ्यांदा गेले आणि जे मी कधी करायचं नाही असं चौदा वर्षं इतरांना सांगत आले, ते केलं. त्याच्या हातातून कागद घेतला. टोकावर टोक आणलं, अंगठ्याने दाबलं, नखाने घोटलं, आणि घडी जुळली. तो माझ्या बोटांकडे बघत होता.

‘‘टीचर, तुम्ही ढकललंत.’’

‘‘असंच करायचं असतं,’’ मी म्हटलं आणि पुढे गेले.

शेवटी खिडक्यांवर तारे लावले, फोटो झाले. सिस्टर खूश होत्या. पिवळे-हिरवे तारे जरा ओढाताण झाल्यासारखे दिसत होते, पण काचेवर सगळं खपून जातं. मुलं घरी गेली, मी बाक आवरायला लागले. त्या मुलाचा तारा बाकाच्या खणात होता. त्याने तो लावायला दिलाच नव्हता. शेजारी एक सुटा पतंग होता. तो मी घडी घातलेला. माझा पतंग बाजूला ठेवून त्याने राखीव कागदांतून एक घेतला होता आणि आठही पतंग स्वतःचे केले होते.

मी तारा काचेवर धरला. शेवटची फट मोठी होती, टोकापाशी जवळपास दीड सेंटिमीटरने. पण आधीच्या सात फटी इतक्या सारख्या होत्या की माझा हात थांबला. चुकणाऱ्या मुलाची चूक दर वेळी वेगळीकडे जाते. एक पतंग डावीकडे ढळतो, पुढचा उजवीकडे. सात वेळा सारखं चुकायला हात फार स्थिर लागतो.

त्याचा एक पतंग उलगडून पट्टी लावली. एक बाजू 10, दुसरी 10.3.

तिथेच लाकडी बाकावर बसले आणि उरलेले पिवळे-हिरवे कागद मोजत गेले. दोन्ही गठ्ठ्यांत तेच. एक बाजू कापून गठ्ठा फिरवला तेव्हा मशिनची पट्टी सरकली असावी. तीन मिलिमीटर. त्यामुळे घडी कोपऱ्यातून काढली की काटकोनाचे दोन भाग सारखे होत नाहीत, एक थोडा कमी, एक थोडा जास्त. त्याने कागद ठोकून एकसारखे केले होते, म्हणजे आठही कागदांची लांब बाजू एकाच दिशेला आली होती. प्रत्येक घडी एकाच कोपऱ्यातून घातली. कमतरता दर वेळी एकाच बाजूला पडली, साचत गेली आणि शेवटच्या फटीत सगळी एकदम दिसली. बाकीच्यांनी कागद कसेही फिरवले, त्यांचं कमी-जास्त आपोआप भागलं, आणि जिथे भागलं नाही तिथे नखाने भागवलं. मीही तेच केलं होतं. अर्धा फरक इकडे, अर्धा तिकडे. माझ्या बोटांना हे इतकं सवयीचं झालंय की ती मला विचारतही नाहीत.

पिवळे-हिरवे कागद मिळालेल्या वीसेक मुलांमध्ये कागदाशी प्रामाणिक राहिलेला तो एकटा होता, आणि वर्गात सगळ्यात वाईट तारा त्याचाच दिसत होता.

मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन हे सांगितलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘‘अहो, तो तसाच आहे. गणितातही एका उदाहरणावर अडून बसतो. एवढं मनाला लावून घेऊ नका.’’ त्या चांगल्या आहेत, सत्तावीस वह्या समोर घेऊन बसल्या होत्या. पण ‘अडून बसतो’ हे ज्या सुरात म्हटलं गेलं ते मला अजून ऐकू येतं, कारण त्याच सुरात मी त्याला ‘घाई करू नकोस’ म्हटलं होतं.

1893 साली मद्रासला टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं. कल्पना फ्रोबेलच्या बालवाडीतल्या घड्यांवरून सुचली असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. त्याचं पहिलं प्रकरण चौरसावर आहे, म्हणजे साध्या कागदातून खरा चौरस कसा मिळवायचा, यावर. हे मी कितीतरी प्रशिक्षणांत सांगितलंय. वर्गात मात्र हातात येणारा कागद चौरसच आहे असं आम्ही धरून चालतो, आणि तो नसला तर मुलाचा हात वाकडा ठरतो.

2 जानेवारीला शाळा उघडते. पाचवीच्या चौथ्या तासातली पंधरा मिनिटं मी मागून घेतली आहेत. यावेळी कागद माझ्या हाताने कापलेत, आणि दोन-दोन कागद एकमेकांवर ठेवून वरचा चतकोर वळसा फिरवून पाहिलेत. कडा जुळल्या तरच चौरस, पट्टीची गरज नाही. हे त्याला दाखवायचंय. त्याआधी उरलेल्या पिवळ्या कागदांतले दोन त्याच्या हातात देऊन त्यालाच फिरवायला सांगणार आहे. तारा सोबत नेईन. उलगडलेला पतंग त्याच्याच घड्यांवर पुन्हा मिटवलाय, नवी घडी एकही पडू दिली नाही. मी ढकललेला पतंगही नेणार आहे. त्याने मागितला तर देईन.