तुम्ही विचारलंत म्हणून: गळ्यात माळ आणि पोटात मशरूम

प्रश्न एकच, विचारणारे दोन प्रकारचे. लालबागच्या आमच्या भजनी मंडळातल्या बायका म्हणतात, 'तुळशीची माळ घालणाऱ्या बाईनं असलं काही खाल्लंच कसं?' कॉलेजच्या स्टाफरूममध्ये म्हणतात, 'एवढं सगळं अनुभवलंस, केमिस्ट्री शिकवतेस, आणि अजून माळ?' पहिली काही वर्षं हसण्यावारी नेलं. मग चिडून उत्तरं दिली. आता एकदाच लिहिते. यापुढे कुणी विचारलं तर हेच पुढे करीन.

खाल्लं ते नशेचं मशरूम, आयुष्यात एकदा. ऑक्टोबर २००३, कोडाईकनाल, सहा जणांचा ग्रुप, मी सव्वीस वर्षांची. 'तुम्हीपण घेऊन बघा' असं मी कुणालाही सांगत नाही. एक तर त्या मशरूममधलं भ्रम घडवणारं रसायन, सायलोसायबिन, आणि एलएसडी दोन्ही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात बसतात. (महाशिवरात्रीला घोटली जाणारी भांगेची पानं मात्र त्याच कायद्याच्या व्याख्येतून सुटतात. का, ते दिल्लीला विचारा.) दुसरं म्हणजे, आमच्या सहातला एक जण परत आल्यावर तीन महिने धड झोपला नाही. त्याचं नाव निघालं की आम्ही बाकीचे अजून विषय बदलतो.

रसायन म्हणून बघायचं तर गोष्ट साधी आहे. सायलोसायबिनवरचा फॉस्फेटचा तुकडा शरीरात गळून पडतो, उरतं ते सायलोसिन, ते मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या जागेवर जाऊन बसतं. चार-सहा तासांत उतरतं. हे मी फळ्यावर काढून दाखवू शकते. पण त्या दुपारी काय झालं ते फळ्यावर काढता येत नाही, आणि लोकांना नेमकं तेच ऐकायचं असतं.

तर, विठ्ठल दिसला नाही. निलगिरीची झाडं श्वास घेताना दिसली, पण ते सगळेच सांगतात. माझं जे होतं ते असं: ऊन उतरायला लागलं तशी मला भीती वाटायला लागली, म्हणून मी 'रामकृष्णहरी' म्हणायला लागले. लहानपणापासूनची सवय. अंधारात, परीक्षेला, दाढ काढताना. त्या दिवशी म्हणता म्हणता ते नाव फुटलं. 'रा' एकीकडे, 'म' एकीकडे, मग नुसती जीभ आणि हवा. थोडा वेळ नाव होतं आणि घेणारं कुणी नव्हतं. मग नावही नव्हतं. मैत्रीण शेजारी बसून सारखी सांगत होती, 'काही नाहीये, काही होत नाहीये तुला.' त्या दुपारचं सगळ्यात वाईट काय असेल तर तिचं ते वाक्य. बाकीचं भयंकर होतं की सुंदर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुंबईला मात्र मी ब्रह्मज्ञान घेऊन उतरले. दादर स्टेशनवर हमालाकडेसुद्धा करुणेनं बघत होते. 'संतांना जन्म लागले, मला सहा तास' ही ओळ माझ्या तेव्हाच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. दर दिवाळीत साफसफाई करताना ते पान फाडावंसं वाटतं, आणि दर दिवाळीत वही परत माळ्यावर जाते.

आणि मी हे आबांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. कशाला सांगितलं, असं आजही लोक विचारतात. मला खोटं बोलायचं नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती. आबा साताऱ्याकडचे, बारा वर्षांची असताना मला पंढरपूरला नेऊन माळ घातली त्यांनीच. कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. १९८२ च्या संपानंतर परत गेले नाहीत, वॉचमनकी केली. त्या संध्याकाळी खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मी अर्धा तास बोलले. अद्वैत, मेंदू, सेरोटोनिन. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

'मग तिथं पांडुरंग व्हता का?'

'नव्हता, आबा. तिथं कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हते.'

'मग माळ काढून ठिव. ती त्येच्यासाठी घालत्यात.'

आवाज चढवला नाही. मी माळ काढली, त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. आई मोरीपाशी भांडी घासत होती, तिनं मान वर न करता एवढंच विचारलं, 'आन् त्यात अंडं व्हतं का गं?' मी म्हटलं, नव्हतं.

नंतर मी मंडळाच्या बुवांकडे गेले, वाद घालायलाच. त्यांनी मला गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली. संत जमलेत, मुक्ताबाई गोरोबांना म्हणते, बघा यातलं कुठलं मडकं कच्चं. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारतात. सगळे गप्प सोसतात, नामदेव तेवढे ओरडतात. कच्चं ठरतात. मग औंढ्याला जाऊन विसोबा खेचरांना गुरू करतात. बुवांचा रोख मला कळला: तू कच्ची आहेस. मी रागानं निघून आले.

वर्षभरानं लोकलमध्ये उभी असताना त्या गोष्टीचं दुसरं टोक हाताला लागलं. अहो, नामदेवांशी तर विठ्ठल बोलायचा! लहानपणी त्यांच्या हातचा नैवेद्य जेवला होता. तरी कच्चं मडकं. म्हणजे आमच्या संप्रदायात देव दिसणं हा पुरावाच नाही. मग मला दिसला नाही म्हणून माळ का काढायची? आणि गोष्ट तिथंच थांबत नाही. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, नामदेव चिडतात, तर म्हणतात, जिथं देव नाही तिथं ठेव बाबा माझे पाय. गुरूची पहिली भेट अशी. तुम्ही मला सांगता की श्रद्धेत प्रश्न विचारायचे नसतात! आपल्याच गिरगावात १८६७ पासून प्रार्थना समाज आहे. रानडे, भांडारकर तिथले. मूर्ती नाकारली आणि तुकोबांचे अभंग ठेवले. तेव्हाही दोन्हीकडची माणसं त्यांना हेच विचारत असणार.

हा मुद्दा मी बऱ्याच ठिकाणी मांडला, टाळ्याही घेतल्या. पण त्याला भोक आहे. दर्शनाला किंमत नसेल तर माझ्या कोडाईच्या दुपारीलाही नाही. मग वीस वर्षं तिच्याबद्दल बोलतेस का, बाई? इथं मी अडकते.

स्टाफरूमवाले अशा वेळी मदतीला अभ्यास आणतात. १९६२ चा गुड फ्रायडे, बॉस्टनचं मार्श चॅपल, वॉल्टर पान्के या संशोधकाचा प्रयोग, धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी. दहांना सायलोसायबिन, दहांना तुलनेसाठी निकोटिनिक अॅसिड, म्हणजे साधं जीवनसत्त्व. सायलोसायबिनवाल्यांना मोठे आध्यात्मिक अनुभव आले. हो, आले. पण रिक डॉब्लिन या दुसऱ्या संशोधकानं पाव शतकानं त्या लोकांना पुन्हा गाठलं तेव्हा कळलं की त्यातला एक जण इतका बिथरला होता की त्याला थोराझिनचं, म्हणजे शांत करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन द्यावं लागलं. मूळ अहवालात ते नव्हतंच. मला त्या माणसाबद्दल जास्त ऐकायचंय.

आता २०१६. आबा पावसात चाळीच्या जिन्यावर घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला नेताना सिस्टर म्हणाल्या, गळ्यातलं काढा. साठ वर्षांत त्यांनी माळ काढली नव्हती. ती हातात घेऊन इकडे तिकडे बघत राहिले. मी पर्स उघडली.

'पिशवीत नगं. भुईवर ठिवू नगं. घाल.'

'कुठे?'

'गळ्यात घालत्यात माळ. कुठं म्हंजे?'

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास ते उठून बसायला लागले. डोळे उघडे, हात हवेत. 'धागा तुटला. साचा थांबीव.' सिस्टर म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर होतं असं, डेलिरियम म्हणजे भ्रम, तुम्ही त्यांना सांगत राहा की दवाखान्यात आहात. मी सांगितलं. आबा, दवाखाना आहे, गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली, इथं काही नाहीये. ते सलाइनची नळी उपटायला लागले. 'काही नाही काय म्हनतीस, समदं कापड खराब व्हतंय!'

आणि मला कोडाई आठवली. 'काही नाहीये' म्हणणारी आता मी होते.

मी गप्प झाले. चादरीच्या काठाचा एक सुटा धागा ओढला, तोडला, त्यांच्यासमोर धरला आणि गाठ मारली. ही गाठ त्यांनीच मला सहावीत शिकवलेली, दोन बोटांत फिरवून, एका हातानं. त्यांनी गाठ चाचपली. 'फुडची.' पुढची मारली. पहाटे साडेचार-पाचपर्यंत मी गाठी मारत होते. मधे कधीतरी मी पुटपुटायला लागले होते, रामकृष्णहरी, प्रत्येक गाठीला एकदा. ठरवून नव्हे. या खेपेला ते नाव फुटलं नाही. पण खरं सांगायचं तर मी त्याकडे लक्षच देत नव्हते, गाठ सुटू नये याकडे होतं.

हे कोडाईनं शिकवलं की भजनानं, असं आता विचाराल. विचारलंयतच. कॉलेजातल्यांना मी कोडाई सांगते, मंडळात भजन सांगते. दोन्ही अर्धवट खोटं आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून तिच्या सासूला असंच सांभाळत होती. तिनं ना माळ घातलेली, ना मशरूम खाल्लेलं.

सकाळी आबा शुद्धीवर होते. चहा बशीत ओतून घेतला. म्हणाले, 'रातच्याला साचे चालू व्हते. ह्यो दवाखाना हाय, ते बी म्हायती व्हतं.' मग बऱ्याच वेळानं, 'तुला दिसत व्हते का गं साचे?'

'नाही, आबा.'

'हां,' म्हणाले, आणि बशी पुढे केली.

माळ त्यांनी परत मागितली नाही. घरी आल्यावर आषाढीच्या सुमाराला नवी करून घेतली. विसरले, की देऊन टाकली, की माझी देव्हाऱ्यातली जुनी अजून तिथंच होती हे त्यांच्या लक्षात होतं, मी विचारलं नाही. ते २०१९ मध्ये गेले. बुवा म्हणतात, अशी माळ चालत नाही, ती महाराजांच्या हातून घ्यावी लागते, ही नुसती सांभाळायला दिलेली वस्तू. बुवांचं नियमाप्रमाणे बरोबर आहे. मी ती काढत नाही.

आईला आता कमी ऐकू येतं. पण एकादशीला भगर वाढताना तिला ते आठवतं आणि ती विचारते. दर वेळी मी मान हलवून नाही म्हणते. होतं गं आई. ऑम्लेटच होतं ते.