समाजकार्य करायचं तर मानवशास्त्र कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सांगलीत एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, मुलामुलींचं क्षेत्रकार्य मी बघते आणि प्रवेशाचे दिवस आले की कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतंच. बीए करणारी मुलगी म्हणते, "मॅडम, पुढं समाजकार्यच करायचंय, मग मानवशास्त्र वाचून काय उपयोग?" वडील सोबत असले तर ते थेट विचारतात, "त्यात नोकरी आहे का?" आपल्याकडे बहुतेकांना हा विषय माहीत असतो तो यूपीएससीचा वैकल्पिक विषय म्हणून, आटोपशीर अभ्यासक्रमाचा. त्याचा वस्तीतल्या कामाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

माझं उत्तर आहे, घ्या. माणसं एकत्र कशी जगतात, नाती, रीती, देणंघेणं कसं बांधतात, याचा अभ्यास म्हणजे मानवशास्त्र. कॉलेजात नसेल तर स्वतः वाचा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात कायदे, योजना, समुपदेशन, वस्तीसंघटन शिकवतात आणि ते सगळं लागतंच. पण आपण ज्याला प्रश्न म्हणतो, त्यावर त्या माणसांनी आपण पोचायच्या आधीच काहीतरी तोडगा काढलेला असतो. तो वाईट असेल, एखाद्या पोरीचं आयुष्य नासवणारा असेल, पण त्यामागं हिशेब असतो. तो हिशेब वाचायला मानवशास्त्र शिकवतं. तो न वाचता केलेली मदत बहुतेक वेळा वाया जाते आणि कधी कधी जिला मदत करायला गेलो तिच्याच अंगाशी येते.

ऊसतोडीचंच घ्या. दिवाळीच्या आगेमागे आपल्या भागातले कारखाने पेटतात आणि बीडकडून, आपल्याच जत-आटपाडीकडून टोळ्या येऊन तळ टाकतात. कॉलेजची मुलं तिथं सर्वेक्षणाला जातात. अशाच एका तळावर मी एका विद्यार्थिनीच्या शेजारी बसले होते. संध्याकाळची वेळ, खोपीपुढं चूल पेटलेली, बाई भाकरी थापत होती. फॉर्मवरचा प्रश्न होता मासिक उत्पन्नाचा. बाई म्हणाली, "महिन्याला कुठलं आलंय? फिटायचंच ऱ्हायलंय अजून." मुलीनं थोडा वेळ वाट बघितली आणि रकान्यात शून्य लिहिलं.

तो रकानाच तिथं चालत नव्हता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती आधीचं देणं, आजारपण, लग्न यांतच जाते. मग पुढचे पाच-सहा महिने टनाच्या हिशेबानं ती फेडायची. हातात येते ती बाजाराची खर्ची आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मिळालेले चार पैसे. उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणून विधवा बाई भावाबरोबर नाहीतर मुलाबरोबर जोडी लावते. म्हणूनच पोरगा हाताशी आला की त्याचं लग्न उरकायची घाई होते, आणि मुलगी वयात आली की आईबापाला घोर लागतो, सहा महिने हिला ठेवायची कुणाकडं? अशा ठिकाणी बालविवाहाविरुद्ध पथनाट्य केलं तर लोक बघतात, टाळ्याही वाजवतात. कायदा त्यांना माहीत असतो. ज्या गावातून टोळी निघते तिथंच मुलींसाठी हंगामी वसतिगृह नीट चालतंय का, तिथं आजीच्या वयाची एखादी भरवशाची बाई आहे का, हे विचारणारी कार्यकर्ती त्या लग्नाच्या जास्त जवळ पोचलेली असते.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय गाजला, सरकारनं चौकशी समितीही नेमली. तेव्हा या बायकांना आरोग्यशिक्षण द्या, असं फार जण म्हणाले. द्यायलाच हवं. पण एक खाडा पडला की पैसे कापले जातात, पाळीत आडोसा नाही, पाणी नाही, पहाटे फडात उभं राहायचंय, हे ज्यानं पाहिलंय तो आधी मुकादमाशी आणि कारखान्याशी बोलायला जाईल.

हे कळायला तळावर बसावं लागतं. फॉर्म संपला तरी बसून राहावं लागतं. ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की हा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर जाऊन राहिला, तिथल्या लोकांची भाषा शिकला, त्यांच्यात वावरून रोजच्या नोंदी ठेवल्या, आणि क्षेत्रकार्याची ही रीत या शास्त्रात रुजली. आमच्या मुलांना आठवड्यातले दोनेक दिवस मिळतात, बेटावर राहण्याइतकी सवड कुणालाच नसते. पण त्या दोन दिवसांत काय पाहायचं, कुणाचं बोलणं अर्धवट तोडायचं नाही, हे शिकता येतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय हट्टानं वाचायला लावते, ती नातेसंबंधांची. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी 1953 मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न चालत नाही, दक्षिणेत ते मुद्दाम केलं जातं, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची करत नाहीत. सातारा-सांगलीच्या माणसाला यात नवीन काय वाटणार? आपल्या घरातच असतं ते. पण घरगुती हिंसाचाराची केस हातात आली की हे आठवावं लागतं.

मुलगा मामाची मुलगी करतो, तेव्हा त्या मुलीची सासू तिची सख्खी आत्या असते. म्हणजे सासूविरुद्ध तक्रार ही बापाच्या बहिणीविरुद्ध तक्रार. मुलगी मार खाऊन माहेरी आली तर बाप दारात गप्प उभा राहतो, कारण त्याच बहिणीनं लहानपणी त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं असतं, वडिलांच्या जमिनीतला हिस्सा भावासाठी सोडलेला असतो, आणि तिच्या घरात मुलगी देऊन त्यानं ते देणं फेडलेलं असतं. नवी कार्यकर्ती म्हणते, बाप निष्ठुर आहे. मी तिला कागद घ्यायला सांगते. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला जोडरेघ, भावंडांना वरून आडवी रेघ. तीन पिढ्यांची वंशावळ काढायला अर्धा तास लागतो. मग दिसतं की या मुलीला माहेर आणि सासर अशी दोन घरं नाहीतच, एकाच घराच्या दोन बाजू आहेत. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005च्या कायद्यानं संरक्षण अधिकारी दिलाय, निवासाचा हक्क दिलाय, त्याचा आधार घ्यायचाच. पण तिच्या बाजूनं घरातलं कोण बोलू शकेल, हे त्या कागदावर शोधावं लागतं. बहुतेक वेळा तो आईकडचा माणूस असतो, मुलीचा मामा नाहीतर मावशी. ती माणसं त्या देण्याघेण्याच्या बाहेर असतात, त्यांना तोंड उघडता येतं. कोणत्याही मॅन्युअलमध्ये हे छापलेलं नाही. वंशावळ वाचता आली तर मात्र ते समोरच असतं.

जटेचं असंच. केसांचा गुंता होऊन जट झाली की ती देवीची मानतात आणि कापायला घाबरतात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांना जटेतून सोडवलंय. जट काढलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. मान आखडते, उवा होतात, झोप लागत नाही. प्रश्न असतो तो बाई तयार कशी होईल याचा. आर्थर क्लाइनमन हा मनोविकारतज्ज्ञही आहे आणि मानवशास्त्रज्ञही. 1970च्या दशकात त्यानं डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले: तुमच्या मते हे कशामुळं झालं? तेव्हाच का झालं? यामुळं तुमच्या आयुष्यात काय अडतंय? कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते? मिरज तालुक्यातल्या एका बाईला आमच्या विद्यार्थिनीनं हेच विचारले. भीती कशाची, यावर ती यल्लम्मा म्हणेल असं आम्हाला वाटलं होतं. ती म्हणाली, "काढली आन् पोराला ताप आला, तर घरातली मला काय म्हणतील?"

भीती देवीची कमी, घरच्यांच्या बोलण्याची जास्त होती. शिवाय मंगळवारी-शुक्रवारी याच घरात तिच्या पाया पडत, तेवढे दोन दिवस कुणी तिच्या अंगावर ओरडत नसे. जटेबरोबर हेही जाणार होतं. मग विद्यार्थिनीनं आधी जावेला विश्वासात घेतलं, सासऱ्यांशी बोलली, पोराची तपासणी करून घेतली, आणि जट काढल्यावर गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा कार्यकर्त्या, काही आठवडे घरी येत राहतील अशी व्यवस्था लावली. कात्री चालायला काही मिनिटं लागली. सगळं काम त्याआधीचं आणि त्यानंतरचं होतं.

साताऱ्याची मुलं विचारतात, आपल्या जिल्ह्यात कुणी असा अभ्यास केलाय का? केलाय, आणि तोही कर्व्यांनीच. कोयना धरणानं पाटण-जावळीकडची गावं शिवसागर जलाशयात गेली, माणसं उठून सातारा, सांगली, सोलापूर, ठाण्या-रायगडपर्यंत पांगली. त्या विस्थापितांचं सर्वेक्षण इरावती कर्वे आणि त्यांच्या कन्या, फलटणच्या जाई निंबकर यांनी केलं. 1969 मध्ये डेक्कन कॉलेजनं ते प्रसिद्ध केलं. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा आला 1976 मध्ये, म्हणजे ही माणसं उठल्यावर बऱ्याच वर्षांनी. जमीन आणि घर मोजायची रीत सरकारकडे होती. चराऊ डोंगर, जंगलातली शिकेकाई-हिरडा, चालत जाऊन भेटता येणारी लेक, गावदेव, भात लावणीला एकमेकांच्या रानात जायची पद्धत, हे मोजायला माणसांजवळ बसावं लागतं. आज 2013च्या भूसंपादन कायद्यानं सामाजिक परिणामांचं मूल्यांकन आवश्यक केलंय. ज्या वडिलांना नोकरीची काळजी आहे त्यांच्यासाठी सांगते, त्या मूल्यांकनाला, आरोग्याच्या प्रकल्पांना आणि संस्थांच्या पाहणीला नेमकी अशी माणसं लागतात.

या विषयाची काळी बाजूही शिकायला हवी, आणि मी ती मुद्दाम शिकवते. इंग्रजांनी 1871 मध्ये अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. माणसांच्या जाती-जमातींच्या याद्या, सवयी, शरीराची मापं गोळा करणारे अधिकारी आणि त्यांचे जाडजूड ग्रंथ हे याच शास्त्राच्या नावानं चाललं. 1952 मध्ये कायदा गेला, पारधी, कैकाडी यांना विमुक्त म्हणू लागले, पण पोलिसांची नजर काही लगेच विमुक्त झाली नाही. आजही पारधी वस्तीत कुणी वही-पेन घेऊन शिरलं की बोलणं थांबतं. त्यांच्याकडं आलेल्या वहीनं त्यांचं कधी भलं झालेलं नाही. हे ठाऊक असलेली कार्यकर्ती वही पिशवीतच ठेवते. आणि याच शास्त्रात बर्लिनला शिकलेल्या कर्वेही आहेत. कवट्या मोजून वंशश्रेष्ठता सिद्ध करू पाहणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी प्रबंध केला, आणि मोजमापातून जे दिसलं तेच लिहिलं, मार्गदर्शकाला हवं होतं ते नाही. पंचविशीच्या आतली परदेशातली मुलगी होती ती. मला फार मोठी गोष्ट वाटते ही.

तेव्हा प्रवेश घेतलात की पहिला महिनाभर फॉर्म नेऊ नका. ज्या वस्तीत काम मिळेल तिथल्या एका घराची वंशावळ काढा, घरात आहेर-उसनवारीची वही असेल आणि दाखवली तर बघा, कुणाचं कुणाला देणं लागतं ते समजून घ्या, आणि जे ऐकलंत ते त्याच रात्री त्यांच्याच शब्दांत लिहा. सकाळपर्यंत थांबलात तर तुमचे शब्द त्यात मिसळतात. कुणाचं नाव लिहू नका, वही घरी कुणाच्या हाती लागू देऊ नका. पाटण तालुक्यात जाणार असाल तर कर्वे-निंबकरांचं ते सर्वेक्षण आधी ग्रंथालयात मागा. इंग्रजीत आहे म्हणून सोडून देऊ नका, दोघी-तिघींनी मिळून वाचा, अडलं तर माझ्याकडं या.